मिठाला पाणी सुटते, तसे हवेतील कणांनाही

पावसाळा तोंडावर आला की मिठाच्या बरणीला पाणी सुटते, गुळाची ढेप पाघळू लागते. हवेत तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचेही असेच होते. मात्र त्याचा परिणाम प्रदूषणाच्या आकड्यांपर्यंत पोहोचतो.

लाटा फुटताना उडणारे क्षारकण घ्या. शुद्ध मिठाचा कोरडा कण सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के होताच एकाएकी पाणी शोषून थेंब बनतो. ८० टक्क्यांना त्याचा व्यास जवळपास दुप्पट होतो. परतीची वाट मात्र निराळी. आर्द्रता ७५ च्या खाली उतरली तरी थेंब लगेच वाळत नाही. सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत तो अतिसंपृक्त द्रावण म्हणून तग धरतो आणि मग अचानक त्याचा स्फटिक होतो. म्हणजे ६० टक्के आर्द्रतेत कण खडा आहे की थेंब, हे त्याचा पूर्वेतिहास ठरवतो. समुद्रातून निघालेला कण मुळातच थेंब, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हवा बहुतांश काळ दमट. म्हणून इथला क्षारकण सहसा ओलाच राहतो. त्यात मॅग्नेशियम क्लोराईडही असते, जे याहून कमी आर्द्रतेतही पाणी धरून ठेवते. आगरातले खडेमीठ पाकिटातल्या मिठाआधी ओलावते, त्याचे कारणही हेच.

झाडांतून निघणाऱ्या वायूंपासून बनलेले सेंद्रिय कण गुळाच्या जातीचे. त्यांना ठराविक उंबरठा नसतो. कोरड्या हवेत ते काचेसारखे कडक असतात, ओलावा वाढला की मऊ पडतात आणि अखेर द्रवरूप होतात. फिनलंडमधील अरण्यावरच्या हवेतले असे कण घनरूप असल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तोवर ते द्रव असतात असेच गृहीत धरले जाई.

आता भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या पीएम २.५ च्या आकड्याविषयी. अधिकृत पद्धतीत गाळणकागद नियंत्रित आर्द्रतेत ठेवून मगच तोलतात. स्वस्त संवेदक मात्र कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात, आणि बहुतेकांत हवा आधी कोरडी करण्याची सोय नसते. पाण्याने फुगलेला कण त्यांना अधिक धूळ वाटतो. त्यामुळे दमट पहाटे आकडा चढलेला दिसला, तर त्याच वेळची आर्द्रताही पाहावी. ती ८५–९० टक्के असेल, तर त्या आकड्यात पाण्याचाही वाटा असू शकतो. दुपारी हवा कोरडी झाल्यावरचा आकडा अधिक विश्वासार्ह. तोही चढाच असेल, तर दोष दमटपणाला देता येणार नाही.