देवराईत नातवंडं कुठायत?

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरच्या गावाला देवराई आहे का हो? आमच्या आजोळी, शाहूवाडी तालुक्यात, आहे. आजी बजावायची, "देवाच्या रानातली वाळकी काडीसुद्धा घरी आणायची नाही." त्या धाकानंच तिथली जांभळं, हिरडे, उंबर आभाळाला टेकले. दाजीपूरचं रान १९५८ साली सरकारनं अभयारण्य म्हणून राखलं. देवराया मात्र गावांनीच राखल्या. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांचं मोल सर्वांसमोर मांडलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मुलांना घेऊन गेले. देऊळ नवं, भोवती फरशी, झाडांखालीही लख्ख झाडलेलं. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आई, इथं सगळे आजोबाच आहेत. नातवंडं कुठायत?"

पाहते तो खरंच! एवढ्या झाडांखाली गुडघ्याएवढं एक रोप नाही. कसं असणार? पाला झाडला की ओल जाते, बी रुजत नाही. रुजलंच तर शेळ्या शेंडा खुडतात. फरशीवर तर प्रश्नच नाही. आज रान भरलेलं दिसतं, पण म्हातारी झाडं पडली की जागा घेणारं कुणी नाही.

आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या अभयारण्यात उलटंच घडलं. १८९०च्या सुमारास बुळकांडीच्या साथीनं तिथली गुरं आणि नू हरणं मेली. पुढं कित्येक वर्षं हरणं कमीच राहिली. खाणारं कुणी नाही म्हणून गवत माजलं, वणवे पेटले, रोपं जळत राहिली. १९६०नंतर बुळकांडी हटली, हरणांचे कळप वाढले, गवत आटोक्यात आलं, वणवे कमी झाले आणि बाभळीची रोपं वर आली. म्हणजे तिथं चरण्यानं झाडं तारली, इथं तेच नडतंय. रोपांना कशाचा त्रास होतो, हे ज्या त्या जागी बघावं लागतं.

तेव्हा जत्रेला गेलात तर देवळापुढचं अंगण तेवढं झाडा, झाडांखालचा पाला राहू द्या. एखादा कोपरा काटेरी फांद्यांनी वेढून चार-पाच पावसाळे राखायला गावात सांगा.

त्या फरशीच्या वर्गणीत आमचेही पैसे होते, हे कबूल करते. यंदा मामांच्या मागं लागून एक कोपरा वेढून घेतला. पावसाळ्यानंतर त्यांचा निरोप आला, जांभळाची रोपं वीतभर झालीत. उन्हाळा काढतील तेव्हा खरं!