खेळणारा हाच परीक्षक

ग्रंथ वाचकाच्या हातीं पडतो तेव्हां ग्रंथकार आपल्या घरीं असतो. वाचक कोणत्या ओळीपाशीं अडखळला, कोठें त्यास जांभई आली आणि कोणतें पान त्यानें न वाचतांच उलटलें, हें ग्रंथकारास कधींच कळत नाहीं. नाटककाराचें भाग्य थोडें बरें. प्रेक्षक त्याच्या समोर असतात. जाणत्यांचें समाधान होईपर्यंत आपल्या प्रयोगावर भरंवसा ठेवूं नये, असा विचार कालिदासानें शाकुंतलाच्या प्रस्तावनेंत सूत्रधाराच्या मुखीं घातला आहे. परंतु वाचक स्वतः बोलतो, ग्रंथ त्यास उत्तर देतो, आणि वाचकाचा शब्दन् शब्द कर्त्यास मागाहून पाहतां येतो, असा एक प्रकार गेल्या पन्नास वर्षांत जन्मास आला आहे. संगणकावरील शब्दखेळ हा तो प्रकार. त्याची रचना कशी होते आणि खेळणारांकडून कर्त्यानें काय शिकावें, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

या खेळांत चित्रें नसतात, आवाज नसतो, धांवपळ नसते. पडद्यावर चार ओळी उमटतात: समोर एक जुनी विहीर आहे, पायऱ्या खालीं अंधारांत गेल्या आहेत, काठावर एक कंदील आहे. पुढें काय करावयाचें तें खेळणारानें शब्दांनीं लिहावयाचें. ‘कंदील घे’ असें लिहिलें कीं यंत्र सांगतें, ‘कंदील घेतला.’ ‘खालीं जा’ असें लिहिलें कीं पुढील ठिकाणाचें वर्णन येतें. एखादें वाक्य यंत्रास उमगलें नाहीं तर उत्तर येतें, ‘समजलें नाहीं.’ आमच्या मतें या साऱ्या प्रकारांत हे दोन शब्दच सर्वांत मोलाचे. कारण जेथें जेथें ते उमटतात तेथें तेथें कर्त्यास शिकण्यासारखें कांहींतरी असतें.

या खेळांचे मूळपुरुष अमेरिकेंतील विल्यम क्राउदर. ज्या ‘अर्पानेट’ जाळ्यांतून पुढें इंटरनेट निघालें, त्याच्या उभारणींत काम करणाऱ्या मंडळींपैकीं ते एक. गुहा धुंडाळण्याचा त्यांस नाद होता. केंटकी संस्थानांतील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहांचे नकाशे करण्यांत ते व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया भाग घेत. पुढें त्या उभयतांचा घटस्फोट झाला. मुलींशीं पडलेलें अंतर कमी व्हावें म्हणून १९७५-७६ च्या सुमारास क्राउदर यांनीं गुहेचा एक खेळ लिहिला. संगणकाशीं ज्यांचा संबंध नाहीं त्यांसहि भीति वाटूं नये, म्हणून आज्ञा साध्या इंग्रजींत, एकदोन शब्दांच्या ठेविल्या. १९७६ त हा खेळ स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांच्या हातीं लागला. त्यांस त्यांत उणिवा दिसल्या. जाळ्यावरील प्रत्येक ठिकाणीं ‘क्राउदर’ या नांवानें पत्र धाडून त्यांनीं मूळ कर्त्याचा शोध लावला, त्यांची अनुमति घेतली आणि १९७७ त खेळ वाढवून त्यास आजचें प्रसिद्ध रूप दिलें. म्हणजे या प्रकाराचा दुसरा कर्ता हा पहिल्या कर्त्याचा खेळाडू होता.

त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील मार्क ब्लँक, डेव्ह लेब्लिंग, टिम अँडरसन आणि ब्रूस डॅनियल्स या चौघांनीं ‘झॉर्क’ हा खेळ रचावयास घेतला. त्यांत आरंभीं असा नियम होता कीं दिव्यावांचून अंधारांत चालणारा अथांग खड्ड्यांत पडून मरतो. एके दिवशीं एक खेळाडू घराच्या माळ्यावर अशाच खड्ड्यांत पडला! माळ्यावर अथांग खड्डा, आणि खालच्या मजल्यावर त्याची खूणहि नाहीं, हें कसें? ही विसंगति ध्यानांत येतांच कर्त्यांनीं सगळे खड्डे बुजविले, आणि अंधारांत दबा धरून बसणारा ‘ग्रू’ नांवाचा हिंस्र प्राणी त्या जागीं आणला. शब्दखेळांतील सर्वांत प्रसिद्ध प्राणी अशा रीतीनें एका खेळाडूच्या पडण्यांतून जन्मला.

पुढें इंग्लंडांतील गणितज्ञ ग्रॅहम नेल्सन यांनीं असे खेळ रचण्याचें ‘इन्फॉर्म’ नांवाचें साधन १९९३ त लोकांस मोफत दिलें. त्यांनीं खेळाडूच्या हक्कांची एक सनदहि लिहिली आहे. पूर्वसूचनेवांचून मरण येऊं नये, नेमका एकच शब्द सुचल्यावांचून अडून राहावें लागूं नये, सूचना समजण्यासाठीं अमेरिकन असण्याची गरज पडूं नये, अशीं तींत कलमें आहेत. १९९५ पासून दरवर्षीं शब्दखेळांची एक स्पर्धा भरते. तिचे परीक्षक सामान्य खेळाडूच असतात, आणि पहिल्या दोन तासांच्या खेळावरून त्यांनीं गुण द्यावे असा नियम आहे.

मराठींत असा खेळ रचूं जातां ज्या गोष्टी आड येतात, त्या इंग्रजी कर्त्यांच्या वाट्यास आल्याच नाहींत. त्या आम्हांस घरबसल्या पाहावयास मिळाल्या. आमच्या पुतण्याचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. उन्हाळ्याच्या सुटींत तो नेकनूरला आला असतां त्यानें एक लहानसा मराठी शब्दखेळ तयार केला. ठिकाण म्हणून त्यानें खजाना विहीर घेतली. बीडच्या दक्षिणेस असलेली ही विहीर सोळाव्या शतकांत, निजामशाहीच्या काळीं, सलाबतखानानें बांधविली; जमिनीखालच्या बोगद्यांतून तींत पाणी येतें आणि बोगद्यानेंच पुढें शेतांकडे जातें. क्राउदर यांस जशी मॅमथ गुहा, तशी आमच्या मुलांस ही विहीर. खेळ सिद्ध झाल्यावर घरचीं व शेजारचीं मिळून दहाबारा माणसें आळीपाळीनें खेळावयास बसलीं. सर्वांत धाकटें नऊ वर्षांचें, सर्वांत वडील बहात्तर वर्षांच्या आमच्या वहिनी. यंत्र प्रत्येकाचें वाक्य टिपून ठेवी. त्या टिपणांतून जें दिसलें तें येथें देतों.

पहिला धडा क्रियापदांचा. कंदिलासाठीं कोणी ‘घे’ लिहिलें, कोणी ‘उचल’, कोणी ‘हातांत धर’. मुलें तर आज्ञा करण्याऐवजीं स्वतःचेंच वर्तन सांगूं लागलीं. मुलानें लिहिलें ‘घेतो’, मुलीनें लिहिलें ‘घेते’. इंग्रजींत क्रियापदाच्या एका रूपावर बरेंच काम भागतें. मराठी क्रियापद लिंग सांगतें, वचन सांगतें, आदर सांगतें. घे, घ्या, घेतो, घेते, घेऊं, घेईन हीं सारीं एकाच धातूचीं रूपें आहेत, हें व्याकरण यंत्रास आधीं शिकवावें लागतें.

याहून नाजूक प्रश्न आमच्या दहा वर्षांच्या नातीनें काढला. आरंभीं खेळांतील वाक्यें ‘तूं खालीं उतरलास’ अशा धर्तीचीं होतीं. दोनतीन वाक्यें वाचून तिनें विचारलें, “दादा, हा खेळ फक्त मुलग्यांचा आहे का?” मुलींस बंदी कोठेंच लिहिलेली नव्हती, ती एका प्रत्ययांत होती. ‘तुम्ही उतरलांत’ असें केल्यास स्त्रीपुरुष दोघांस एकच रूप चालतें. परंतु ‘तुम्ही उभे आहां’ येथें पुन्हां अडचण, कारण स्त्रीस ‘उभ्या’ हवें. तेव्हां अशीं वाक्येंच फिरवून ‘समोर विहीर आहे’ या वळणावर आणावीं लागलीं. दहा वर्षांच्या पोरीस ‘तुम्ही’ म्हणणें आमच्या इकडे चमत्कारिक खरें. तिचें म्हणणें मात्र निराळें पडलें. “घरात सगळे मला अगंतुगं करतात, विहीर तरी तुम्ही म्हणते!”

तिसरा धडा विभक्तीचा. ‘किल्लीनें कुलूप उघड’, ‘कुलूप उघड किल्लीनें’, ‘कुलपाला किल्ली लाव’, हीं तिन्ही वाक्यें खेळणारांनीं लिहिलीं आणि तिन्ही बरोबर आहेत. मराठींत शब्दांचा क्रम मोकळा असतो, संबंध विभक्ति सांगते. क्राउदर व वुड्स यांचा खेळ शब्दाचीं पहिलीं पांच अक्षरें पाहून काम चालवी. आपल्याकडे ‘विहीर’ ची ‘विहिरींत’ झाली कीं दुसरेंच अक्षर बदलतें, ‘दिवा’ चें ‘दिव्यानें’ होतें. म्हणून प्रत्येक नामाबरोबर त्याचें सामान्यरूपहि नोंदवावें लागतें. क्रिया मध्यभागीं आणि तिच्या भोंवतीं कर्ता, कर्म, करण, अधिकरण, ही पाणिनीची मांडणी येथें फार उपयोगी पडते. भारतीय भाषा यंत्रास शिकविण्यासाठीं विनीत चैतन्य, राजीव संगल प्रभृति संशोधकांनीं तिचाच आधार घेतला, व १९९५ त त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आमच्या मुलास आम्हीं कोणी, काय, कशानें, कोठें असा चार रकान्यांचा तक्ता काढून दिला, त्यावर त्याचें काम भागलें.

ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्नहि याच ओघांत येतो. मुलांनीं ‘विहीर’ हा एक शब्द चार तऱ्हांनीं लिहिला. ज्याचें आयुष्य तांबड्या शाईनें वेलांट्या सुधारण्यांत गेलें, त्या शिक्षकास हें सोसणें सोपें नाहीं. तथापि परीक्षेचा कागद निराळा आणि खेळाचें दार निराळें. दारांत आलेल्यास शुद्धलेखन विचारूं नये. आंत गेल्यावर यंत्राच्या उत्तरांतून शुद्ध रूप त्याच्या डोळ्यांखालून जातेंच.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शेजारच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें ‘हीर’ लिहिलें. यंत्र म्हणालें, समजलें नाहीं. त्यानें ‘चऱ्हाट सोड’ लिहिलें, समजलें नाहीं. ‘बत्ती लाव’, समजलें नाहीं. तो उठला. “ह्याला आपली भाषा येत नाही,” एवढेंच म्हणून निघून गेला. टिपणांत त्याच्या तीन ओळी आहेत आणि पुढें कोरें. एका मुसलमान शेजाऱ्याच्या मुलानें ‘रस्सी’ लिहिलें, त्यासहि तेंच उत्तर मिळालें. पुस्तकांतली तेवढी मराठी, ही समजूत शिकलेल्या घरांतून फार आढळते. आणि यंत्र तयार करणारा बहुधा शिकलेल्या घरांतलाच असल्यानें ती यंत्रांतहि उतरते. शाळेंत शिक्षकाच्या कपाळावरील आठी पाहून गप्प बसणारें मूल आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे. यंत्रानें त्या आठीची जागा घेऊं नये. ‘चऱ्हाट’ हा शब्द यादींत घालावयास एक ओळ पुरते. ती न घातल्यास एक मूल उठून जातें, आणि तें कां गेलें हें विचारावयास कोणी जात नाहीं. दुसऱ्या दिवशीं ते शब्द घालून त्या मुलास बोलावणें धाडलें. तो आला, आणि दिवेलागणीपर्यंत उठला नाहीं.

वहिनींनीं स्वतः कळफलकास हात लावला नाहीं. त्या सांगत आणि नात लिही. त्यांचें पहिलें वाक्य, “आधी पाणी किती आहे ते बघ.” समजलें नाहीं. दुसरें, “पोहरा कुठं आहे?” समजलें नाहीं. “अरे, विहीर केलीस आणि पोहरा नाही?” १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, त्या विहिरीकडे गुप्तधनाच्या दृष्टीनें पाहत नाहींत. खेळांत कंदील होता, किल्ली होती, कुलूप होतें. पाण्याची चौकशी मात्र करतां येत नव्हती. पोहरा आला, आणि तो सोडून पाण्याची खोली अजमावण्याचें एक नवें कोडें खेळांत आपोआप तयार झालें. घरांतील सर्वांनीं तेंच उत्तम ठरविलें.

अभिप्राय घेण्याचीहि एक रीत आहे. खेळणारा अडला असतां कर्त्यानें गप्प बसावें. शेजारीं बसून उत्तर पुटपुटणारा कर्ता स्वतःचें नुकसान करतो, कारण खेळ घरोघर जाईल तेव्हां तो सर्वांच्या शेजारीं असणार नाहीं. खेळणारा काय म्हणाला यापेक्षां त्यानें काय लिहिलें यावर अधिक विसंबावें. संकोचानें “छान आहे” म्हणणारांच्याच टिपणांत आम्हांस ‘समजलें नाहीं’ हे शब्द सर्वांत अधिक वेळां दिसले. आणि तक्रार खरी मानावी, तरी सुचविलेला उपाय तसाच स्वीकारूं नये. एका मुलानें खेळांत वाघ आणि बंदूक घालण्याचा आग्रह धरला. टिपण पाहतां तो एकाच बोगद्यांत आठ वेळां फिरलेला निघाला, कारण सर्व बोगद्यांचें वर्णन सारखें होतें. त्याचा कंटाळा खरा होता. कोठें ओल, कोठें वटवाघळें, कोठें पाण्याचा आवाज, अशी प्रत्येक बोगद्यास निराळी खूण देतांच वाघाची आठवण कोणासच राहिली नाहीं.

आज मोकळें वाक्य समजणारीं नवीं यंत्रें निघालीं आहेत, मग हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं तीं यंत्रें लिहिलेल्या मजकुरावरूनच शिकतात, आणि इंग्रजीच्या मानानें मराठी मजकूर फार थोडा. चऱ्हाट आणि हीर हे शब्द ज्यांच्या तोंडीं आहेत, त्यांचें बोलणें कोणी लिहून ठेवलें तरच तें यंत्रापर्यंत पोंचेल. शिवाय यंत्रास वाक्य समजलें तरी विहिरीवर पोहरा असावा हें सांगावयास वहिनीच लागतात.

या कामास लागणारी सामग्री मोठी नाहीं. एक संगणक, लिहिण्याची हौस असलेलें एक मूल, आणि निरनिराळ्या वयांचीं व निरनिराळ्या बोलींचीं दहा माणसें. शेवटची वस्तु शहरांतील कर्त्यांस शोधावी लागते. एकत्र कुटुंबांत ती जेवणाच्या पंगतीला आयती बसलेली असते. आमच्या वाचकांनीं येत्या सुटींत आपल्या गांवची एखादी बारव, गढी किंवा घाट घेऊन मुलांकडून असा खेळ अवश्य करवावा. खेळावयास प्रथम घरच्या वृद्धांस बसवावें, मग शेजाऱ्यांच्या मुलांस बोलवावें. आणि टिपणाची वही नीट जपून ठेवावी.