चाकाची उंची आणि खिशाची खोली

आमच्या मराठवाड्यात रबरी चाकांच्या बैलगाडीला नुसते ‘डनलॉप’ म्हणत आले आहेत. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. गुरांच्या डॉक्टराचे नाव अखेर बैलांच्याच मागे लागावे, हा योग मजेचाच!

गंमत अशी, की डनलॉप आली तेव्हा चाक बुटके झाले. आरे, पुठ्ठे आणि लोखंडी धाव असलेले जुने लाकडी चाक चांगले उंच असे. उंच चाक खड्ड्यात कमी उतरते, हे आमच्या सुताराला पदार्थविज्ञान न शिकताही ठाऊक होते. तरी रबरी चाक ओढायला हलके पडले, कारण ते रुंद आणि मऊ. उंची म्हणजे सर्वस्व नव्हे.

हे पुराण मी पिशोरच्या पुतण्याला ऐकवले, कारण तो आपल्या जुन्या पिकअपला मोठी चाके बसवायला निघाला होता. कर्जाचा हप्ता भरून अद्रकीचे थोडे पैसे हाती उरले होते.

“काका, ते डनलॉप राहू द्या. पाऊस पडला की गाडी बुडाला टेकते. माल रस्त्यावर आणायचा कसा?”

प्रश्न रास्त होता. आम्ही ओसरीवर कागद घेऊन बसलो. त्याच्या टायरचे माप १९५/८० आर १५. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरात. दुसरा, त्या रुंदीच्या शेकडा किती उंच टायरची भिंत, याचा. शेवटचा डिस्कच्या व्यासाचा, इंचांत. हिशेबाने चाक सुमारे ६९ सेंटिमीटर उंच. त्याच्या मनात भरलेले २३५/७५ आर १५ सुमारे ७३. वाढ ४ सेंटिमीटरांची. पण गाडीचे पोट उचलले जाणार फक्त २, कारण उरलेली २ आसाच्या वर जातात.

“दोन बोटांसाठी एवढे पैसे?” वहिनी आतून म्हणाल्या. त्या कधी गाडी चालवत नाहीत, पण घर चालवतात.

शिवाय चाकाचा घेर शेकडा सहाने वाढला, की काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ च्या वर धावत असते. ओढ त्याच मानाने घटते. औट्रम घाटात भरल्या गाडीला ब्रेकही अधिक दाबावा लागतो. वजनाचा आकडा वेगळाच पाहावा लागतो : टायरवर १०६ म्हणजे ९५० किलो, १०० म्हणजे ८००. रुबाबदार दिसणारा टायर भार कमी पेलणारा निघू शकतो. त्यातून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही.

जुने टायर स्वस्त मिळत होते. त्यांच्या भिंतीवरचे चार आकडे पुतण्याला वाचायला लावले : ३५१६, म्हणजे २०१६ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत, पण रबर म्हातारे. ते त्याने स्वतःच बाजूला सारले.

अखेर मूळ मापाचेच, खोल नक्षीचे दोन नवे टायर मागच्या चाकांना घेतले, कारण जोर तिथेच लागतो. उरलेल्या पैशांत पाणंदीच्या चिखलात दोन ट्रॉल्या मुरूम पडला. शेजाऱ्यानेही एक ट्रॉली टाकली. त्याची बैलगाडी तिथूनच जाते.