उतारवयाची रोजकीर्द

नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर पहाटे साडेपाचला, उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, उजाडत असल्याची चाहूल अद्याप पाखरांखेरीज कोणालाच लागलेली नसते अशा वेळी, आम्ही बारामतीची पाच वयस्क माणसे एकत्र जमतो. आमच्यातील निवृत्त तलाठी, ज्यांना सारेजण आण्णा म्हणतात, त्यांच्या काखेत लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही असते आणि तिला आम्ही रोजकीर्द म्हणतो. व्यापाऱ्याच्या रोजकिर्दीत दिवसाचा जमाखर्च मांडलेला असतो. आमच्या रोजकिर्दीत त्या दिवशी कोण किती धावला, किती चालला आणि किती वेळ लागला याची नोंद असते; आणि उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्यात गुडघ्याची, झोपेची, रक्तातल्या साखरेची व मनाची जी काही कैफियत असेल ती लिहिलेली असते. सात वाजता इंदापूरहून फोन येतो. तेथील तीन सोबती आपापले आकडे सांगतात, आमचे विचारून घेतात, आणि सुमारे पन्नास किलोमीटरच्या अंतरावर असलेली ही दोन गावे तेवढ्यापुरती एका पानावर येतात.

उतारवयात धावणारा मनुष्य केवळ निश्चयाच्या बळावर धावत असतो, अशी एक समजूत रूढ आहे. ती मला अपुरी वाटते. निश्चय पहिल्या आठवड्यापुरता पुरतो. पुढे, थंडीच्या पहाटे अंथरुणातून उठवणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे आपली वाट पाहत कालव्यावर कोणी तरी उभे आहे व आपण गेलो नाही तर आपल्या नावापुढचा रकाना रिकामा राहील ही जाणीव.

या प्रदेशात वृद्धांच्या धावण्याचा विषय निघाला की पहिले नाव निघते ते श्रीमती लता भगवान करे यांचे. मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील त्यांचे कुटुंब पोटापाण्यासाठी बारामतीच्या आसमंतात येऊन मोलमजुरी करीत होते. पतीच्या दुखण्याच्या तपासणीसाठी पैसा हवा होता आणि तो कोठूनही उभा राहत नव्हता. अशा वेळी साठी उलटलेली ही माउली, नऊवारी लुगडे नेसून, पायांत काहीही न घालता, बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरली आणि पहिली आली. पुढेही त्या धावल्या आणि जिंकल्या. नवीन देशबोइना यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘लता भगवान करे’ या २०२०च्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि २०२१मध्ये जाहीर झालेल्या ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

त्यांच्या धावण्याशी आमच्या धावण्याची तुलना करण्याचे धार्ष्ट्य मी करणार नाही. आमची हौस आहे, त्यांची निकड होती. आम्ही सेवानिवृत्तीच्या स्वास्थ्यातून धावतो, त्या आपत्तीच्या कचाट्यातून धावल्या. तथापि त्यांच्या त्या शर्यतीने एक गोष्ट कायमची निकालात काढली. वृद्ध शरीर, तेही शेतात कष्टलेल्या स्त्रीचे शरीर, धावू शकते की नाही, याविषयी शंका घेण्यास बारामतीत आता कोणाला जागा उरलेली नाही. आमच्या गटातील गुरुजींच्या पत्नी प्रथम कालव्यावर आल्या तेव्हा ‘लोक काय म्हणतील?’ असे कोणी तरी पुटपुटले. त्यावर त्यांनी लताबाईंचे नाव घेतले आणि पदर खोचला. तेव्हापासून वहीत त्यांचा स्वतंत्र रकाना आहे.

अनवाणी धावण्याचा हा वारसा महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासंमेलनात शेतकरी घरांतील तरुण विनापादत्राण लांब पल्ल्याच्या शर्यती धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिले, त्यांच्या चिकाटीने ते प्रभावित झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने व आर्थिक साहाय्याने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक स्पर्धेला भारताचे पथक गेले. त्या पथकातील बेळगावकडील फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळविला.

परंतु वृद्धांच्या सामुदायिक धावण्याची खरी परंपरा पाहावयाची असेल तर क्रीडांगणाकडे न पाहता पालखीमार्गाकडे पाहावे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करीत बारामतीस येते आणि येथून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा आमच्या या दोन तालुक्यांचा पल्ला ओलांडून नीरास्नानानंतर सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. काटेवाडीस परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि तेथेच मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीस गोल रिंगण होते. ते ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याला वृद्धापकाळ म्हणजे स्वस्थ बसण्याचा काळ ही कल्पना पुन्हा मान्य होणे कठीण.

मैदानाच्या मध्यभागी पालखी विसावते. भोवती माणसांचे कडे पडते. प्रथम पताकावाले धावतात. मग डोईवर तुळशीवृंदावन व पाण्याचे हंडे घेतलेल्या स्त्रिया, मग विणेकरी, आणि अखेरीस अश्व. सत्तरीच्या घरातील एक वारकरी मी एका वर्षी अगदी जवळून पाहिले. गळ्यात वीणा, पायांना अनेक दिवसांच्या चालीने पडलेल्या भेगा, त्या भेगांत गेलेली काळी माती, आणि एका टाचेला बांधलेली चिंधी. पहिल्या फेरीत ते मागे पडू लागले, तसा मागून येणाऱ्या दुसऱ्या विणेकऱ्याने वेग न वाढविता त्यांच्या खांद्याशी खांदा लावला आणि ‘माउली, चला’ एवढेच म्हटले. दोघांनी फेरी बरोबर पुरी केली. रिंगणात पहिला कोण आला हे कोणी विचारीत नाही. फेरी पूर्ण झाली की सारे एकमेकांच्या पाया पडतात. दिंडीत विणेकऱ्यापासून तुळशीवाल्या बाईपर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, कोण मागे राहिला याची विचारपूस मुक्कामावर होते, आणि पाय सुजलेल्याला तेल चोळण्यास कोणी ना कोणी पुढे येतो. आमची लाल वही ही त्याच शिस्तीची एक लहानशी नक्कल आहे.

आता शरीरशास्त्र काय सांगते ते पाहू. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता बैठ्या माणसात दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित व कसून व्यायाम करणाऱ्यांत ही घट पुष्कळच मंद होते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती वयागणिक उतरते आणि तिला कोणताही व्यायाम रोखू शकत नाही. स्नायू झिजतात, तोल जाण्याचा धोका वाढतो, आणि तरुणपणी एका रात्रीत भरून निघणारा शीण उतरण्यास दोन-तीन दिवस लागतात.

या क्षयाविरुद्ध धावणे कितपत उपयोगी पडते, याचा सर्वांत मननीय अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला, आणि विशेष असे की तो एकेकट्या धावपटूंचा नसून पन्नाशी उलटलेल्यांच्या एका धावमंडळाच्या सभासदांचा होता. डॉ. जेम्स फ्राइज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४पासून अशा ५३८ सभासदांची आणि तुलनेसाठी निवडलेल्या ४२३ निरोगी व्यक्तींची वर्षानुवर्षे माहिती घेतली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, एकोणीस वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर तुलनेच्या गटातील ३४ टक्के व्यक्ती मृत्यू पावल्या होत्या. धावणारे मुळातच सडसडीत व निर्व्यसनी असण्याचा संभव असतो, हे लक्षात घेऊन संशोधकांनी तो फरक हिशेबातून वजा केला. तरीही धावण्याचा लाभ शिल्लक राहिला. नेसणे, उठणे, चालणे, वस्तू उचलणे अशा नित्याच्या कामांत येणारे परावलंबन धावणाऱ्यांच्या वाट्यास कित्येक वर्षे उशिरा आले. ‘धावून गुडघे झिजतात’ हा आपल्याकडचा ठाम समज; पण धावणाऱ्यांच्या गुडघ्यांत संधिवाताचे प्रमाण अधिक आढळले नाही.

वेग किती असावा, हा प्रत्येक नवागताचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर घड्याळापेक्षा जिव्हा अधिक विश्वासाने देते. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग योग्य. दोन शब्दांवर दम लागला तर तो अधिक. आणि मोकळेपणी अभंग म्हणता येत असेल तर थोडा वाढविण्यास हरकत नाही. ही कसोटी व्यायामशास्त्रानेही मान्य केली आहे. मला तिच्यात एक सुंदर अर्थ दिसतो. बोलता येईल इतक्या वेगाने धावावयाचे, तर बोलण्यासाठी शेजारी कोणी तरी असावयास हवे. नातवाच्या परीक्षेविषयी, कालव्याच्या आवर्तनाविषयी, उसाच्या बिलाविषयी आम्ही जे बोलत राहतो त्याच बोलण्यात आमच्या हृदयाचे संरक्षण दडलेले असते. आणि एखादा सोबती एकाएकी गप्प झाला की बाकीचे न सांगता चालू लागतात.

गेल्या वर्षीची एक हकीकत सांगतो. आमच्यातील आबा, कालव्यावर पाटकरी म्हणून आयुष्य घालविलेले गृहस्थ, पत्नीच्या निधनानंतर येईनासे झाले. तलाठी-आण्णांनी त्यांच्या रकान्यात एकही दिवस ‘गैरहजर’ लिहिले नाही. रोज ‘रजा’ लिहिले. दीड महिना अशी रजा चढत गेली. एके दिवशी सकाळी धावणे आटोपल्यावर आम्ही वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. कोणी उपदेश केला नाही. आण्णांनी पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले, आणि ते आपल्या नावापुढची ती ओळीने लिहिलेली रजा बोटाने चाचपीत पुष्कळ वेळ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ते आले. धावले नाहीत, पहिल्या पुलापर्यंत चालले आणि परतले. वहीत अंतराच्या जागी आण्णांनी आकडा घातला नाही, ‘पुलापर्यंत’ असे लिहिले. इंदापूरहून फोन आला तेव्हा आमच्या आकड्यांकडे तेथील सोबत्यांनी लक्षच दिले नाही. ‘आबा पुलापर्यंत आले?’ एवढेच त्यांनी दोनदा विचारले.

शोकाच्या तळातून उठून धावू लागलेल्या वृद्धांमध्ये सरदार फौजा सिंग यांचे नाव जगाला ठाऊक आहे. १९९४ साली पुत्राचा अपघाती मृत्यू पाहिलेला पंजाबातील हा शेतकरी इंग्लंडमध्ये दुसऱ्या मुलाकडे गेला, तेथे धावण्याकडे वळला, आणि २००० साली वयाच्या ८९व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन पूर्ण करून पुढे २०११ साली टोरांटोत, शंभर वर्षांचा म्हणून, ४२ किलोमीटरचे अंतर पुन्हा धावला. जन्मदाखला नसल्याने गिनेस बुकाने तो विक्रम नोंदविला नाही. चंडीगढच्या मान कौर यांनी तर वयाच्या ९३व्या वर्षी, मुलाच्या आग्रहावरून, धावण्यास आरंभ केला आणि २०१७ साली ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स क्रीडास्पर्धेत १०१व्या वर्षी शंभर मीटरची शर्यत जिंकली. दोघांच्याही मागे प्रशिक्षण देणारे, सोबत पळणारे, रोज विचारपूस करणारे कोणी ना कोणी होते, ही गोष्ट त्यांच्या वयाच्या आकड्यापुढे विसरली जाऊ नये.

ज्यांना हा लेख वाचून आरंभ करावासा वाटेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. प्रथम डॉक्टरांकडून हृदयाची, रक्तदाबाची व साखरेची तपासणी करून घ्यावी, आणि चालू औषधांविषयी त्यांना स्पष्ट विचारावे. पहिले दोन महिने धावण्यापेक्षा चालणेच अधिक असावे. मिनिटभर धावून चार मिनिटे चालावे, आणि शरीराची संमती पाहून हे प्रमाण हळूहळू पालटावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्येष्ठांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटांचा जोमदार व्यायाम सांगितला आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम सांगितले आहेत, आणि ते टाळण्याकडे आपल्या लोकांचा कल असतो. खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे, हे त्यांपैकीच एक. आपला मुलूख पर्जन्यछायेचा. येथे चैत्र-वैशाखात ऊन आठ वाजताच डोक्यावर येते, म्हणून उन्हाळ्यात सातच्या आत घरी परतावे व पाणी तहानेची वाट न पाहता प्यावे. छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्या दिवशीचा आकडा पुरा करण्याचा मोह पूर्णपणे सोडावा आणि तत्काळ दवाखाना गाठावा.

आणि एक वही करावी. ती फोनमध्ये असली तरी चालेल. पण तिच्यात आपल्याखेरीज आणखी एक तरी नाव असावे.

या आषाढात पालखी बारामतीहून निघाली तेव्हा इंदापूरचे तिघे बेलवाडीस येऊन थांबले होते, आणि आम्ही बारामतीहून दिंडीच्या मागोमाग निघून, वाटेत एक मुक्काम करून, तेथे पोहोचलो. आबाही आमच्यात होते. रिंगण आटोपल्यावर, मैदानावरची धूळ अजून खाली बसली नव्हती तेव्हा, तलाठी-आण्णांनी एका बाभळीखाली बसून वही उघडली आणि नेहमीप्रमाणे एकेकाला आकडा विचारू लागले. आबांची पाळी आली. ते थोडे थांबले, मग म्हणाले, ‘आण्णा, आज पुलाच्या पुढं लिहा.’

आण्णांनी तसेच लिहिले.