गाणं साडेतीन मिनिटांचं, गैरसमज दिवसभराचे

मास मीडियाच्या वर्गात म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट जाहीर झाला की दोन प्रश्न लगेच येतात. कॅमेरा कुणाकडे आहे? आणि शूट कुठे करायचं? गाण्याबद्दल कुणी काही विचारत नाही, कारण गाणं ‘ठरलेलंच’ असतं. ते कुणाच्या तरी फोनमध्ये आठवडाभर वाजत असतं. घोडं पेंड खातं ते तिथेच. कॅमेऱ्यापायी रखडलेला विद्यार्थ्यांचा व्हिडिओ विरळा. गाण्याच्या हक्कापायी, न जुळलेल्या ओठांपायी आणि वॉचमनने न उघडलेल्या गेटापायी रखडलेले मात्र पुष्कळ. या तिन्ही गोष्टी शूटच्या आधी निस्तरता येतात, शूटनंतर जवळपास नाहीच.

“तीस सेकंदांपर्यंत कुणाचंही गाणं चालतं”

चालत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सवलत कुठेही दिलेली नाही. व्हिडिओखाली ‘सर्व श्रेय मूळ कलाकारांना’ असं लिहिणं हे सौजन्य झालं. त्याने परवानगी मिळत नाही.

एका गाण्यात हक्कांचे तीन थर असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कवीच्या आणि संगीतकाराच्या हयातीत असतो आणि मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं ते प्रसिद्ध झाल्यानंतर मोजायची. हे तीन थर वेगवेगळे असतात, हे न कळल्यामुळेच ‘अभंग तर संतांचा आहे, त्याला कसला कॉपीराइट?’ हा युक्तिवाद जन्माला येतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, यात वाद नाही. पण लता मंगेशकरांनी गायलेल्या ‘अभंग तुकयाचे’मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्या चालींवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत अबाधित आहे. तोच अभंग तुमच्या वर्गातल्या पोराने स्वतःच्या चालीत बांधला, तर कुणाला विचारायची गरज नाही. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कवितांचंही तसंच. सुरेश भट २००३ मध्ये गेले. त्यांच्या गझलेला नवी चाल लावायची असेल, तर परवानगीचं पत्र आधी लिहायला घ्या.

‘आम्ही शिकण्यासाठी करतोय’ या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या वापराला कायदा मोकळीक देतो. कॉलेजच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी गाणं सादर केलं, तर तेही चालतं. पण ही मोकळीक वर्गाची आणि संस्थेची आहे. व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की तुम्ही तिच्या बाहेर पडलात.

कव्हर व्हर्जनचंही असंच. मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाली की रीतसर नोटीस आणि रॉयल्टी देऊन नवं ध्वनिमुद्रण करता येतं, अशी तरतूद २०१२च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आहे. मात्र ती ध्वनिमुद्रणापुरतीच. त्या गाण्यावर चित्र चढवायचं असेल, तर वेगळी परवानगी लागते.

‘पण यूट्यूबवर तर हजारो कव्हर आहेत!’ आहेत. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा अपलोड झालेला आवाज हक्कदारांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळला, तर पुढे काय करायचं ते हक्कदार ठरवतो. व्हिडिओ राहू देऊन जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवणं, नुसतं लक्ष ठेवणं किंवा व्हिडिओ अडवणं, यांतलं काहीही. म्हणजे जे कव्हर दिसतात, ते हक्कदाराच्या मर्जीने दिसतात. हा झाला ‘क्लेम’. ‘स्ट्राइक’ हा त्याहून गंभीर प्रकार. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले, तर चॅनेलच बंद होऊ शकतं. कॉलेजच्या अधिकृत चॅनेलवर असे प्रयोग करू नयेत, हे सांगायला नको.

माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यांनी गाजलेल्या गाण्याच्या मागे लागूच नये. प्रत्येक कॉलेजात गाणी रचणारा एखादा तरी असतो आणि त्याला व्हिडिओ हवाच असतो. फक्त ‘अरे, घे की, आपलंच गाणं आहे’ एवढ्यावर भागवू नका. परवाना लेखी आणि सहीनिशी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसतं आणि व्हिडिओ पाच वर्षांनंतरही तिथेच असणार. तेव्हा ‘जगभर’ हा शब्द आणि मुदत, दोन्ही कागदावर आणा. मित्र पुढे मोठा गायक झाला, तर हाच कागद मैत्रीही टिकवेल. कवी, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च करणारा निर्माता वेगवेगळे असतील, तर तिघांच्याही सह्या घ्या.

“गाण्यात पाऊस आला की पडद्यावर पाऊस हवा”

हवाच असं नाही. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२च्या आपल्या पुस्तकात शब्द आणि चित्र यांच्यातलं नातं तीन प्रकारचं सांगितलं आहे. चित्र शब्दांचं वर्णन करतं, शब्दांना पुढे नेतं किंवा शब्दांशी फारकत घेतं. विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्याच प्रकारात अडकतात. ‘वाट’ म्हटलं की रस्ता, ‘डोळे’ म्हटलं की डोळ्यांचा क्लोजअप. याने कंटाळा येतोच, शिवाय खर्चही वाढतो, कारण प्रत्येक ओळीला नवं लोकेशन शोधावं लागतं. एकच जागा आणि एकच कल्पना घेऊन ती कडव्याकडव्याला चढवत नेणं विद्यार्थ्यांच्या खिशालाही परवडतं आणि पाहणाऱ्यालाही धरून ठेवतं.

“स्टोरीबोर्ड काढायला चित्रकला यावी लागते”

सत्यजित राय यांना ती येत होती आणि ‘पथेर पांचाली’ची त्यांची रेखाटनं प्रसिद्ध आहेत. तुमच्या कामाला काड्यांची माणसं पुरतात. पण म्युझिक व्हिडिओसाठी नुसता स्टोरीबोर्ड अपुराच, कारण कागदावर सेकंद दिसत नाहीत. आधी गाण्याची फाइल पक्की करा आणि तिचा तक्ता मांडा. मुखडा कितव्या सेकंदाला सुरू होतो, पहिलं कडवं कुठे, म्युझिक पीस किती लांब, हे सगळं त्यात येऊ द्या. मग ठरलेल्या जागांवर मित्रांना उभं करून फोनने फोटो काढा आणि ते एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये गाण्यावर लावून पाहा. यालाच अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती याला पुरून उरते. साडेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे २१० सेकंद. सरासरी तीन सेकंदांचा शॉट धरला, तरी ७० शॉट लागतात. हा आकडा टाइमलाइनवर दिसला की ‘शेवटी गच्चीवर काहीतरी करू’ छापाची वाक्यं आपोआप बंद होतात. दुसऱ्या म्युझिक पीसला दाखवायला काहीच नाही, हेही शूटच्या आधी कळतं. बहुतेक व्हिडिओ तिथेच ढेपाळतात.

“नुसते ओठ हलवले तरी चालतं, बाकी एडिटमध्ये जुळवू”

नुसते ओठ हलवणारा माणूस पडद्यावर लगेच ओळखू येतो. गळ्याच्या शिरा ताणत नाहीत, छाती भरत नाही, लांब तान श्वास न घेता निघून जाते. कॅमेऱ्यासमोर खरंच गावं लागतं, मोठ्याने. आवाज बेसूर असला तरी हरकत नाही. तो कुणी ऐकणारच नाही, शेवटी वाजणार ते स्टुडिओतलं गाणंच.

त्यासाठी सेटवर प्लेबॅक खणखणीत हवा आणि त्याची फाइल एडिटमध्ये वापरायची तीच हवी. शूटला कच्चं मिक्स वाजवलं आणि नंतर संगीतकाराने लय किंचित वाढवली, तर सगळे शॉट बाद. गाण्याआधी दोन सेकंद चार ठोके घाला, म्हणजे गाणारा बरोबर सुरुवात पकडेल. प्रत्येक टेकला कॅमेऱ्याचा माइक चालू राहू द्या. त्याचा आवाज व्हिडिओत जाणार नाही, पण एडिटरला शॉट जुळवायला दुसरा आधार नसतो. क्लॅप नसेल तर टाळी वाजवा.

आता दोन बारीक पण महागात पडणाऱ्या गोष्टी. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटर जायला त्याला सेकंदाचा विसावा भाग लागतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर ही एका फ्रेमहून जास्त उशिराची गोष्ट झाली. मैदानात स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि गाणारी मुलगी पलीकडच्या झाडाखाली असेल, तर तिचे ओठ थोडे मागेच राहणार. म्हणून स्पीकर गाणाऱ्याजवळ, फ्रेमच्या जरा बाहेर ठेवा. ती मग बरोबर तालात गाईल. पण लांबून घेतलेल्या शॉटमध्ये कॅमेऱ्याच्या माइकवर आवाज उशिरा पोचेल. तिथे माइकवर विसंबू नका, तिच्या ओठांकडे बघून एक-दोन फ्रेम सरकवा. दुसरी गोष्ट फोनची. बरेच फोन चालू शूटमध्येच फ्रेमचा वेग थोडा कमी-जास्त करतात. सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटच्या कडव्यात सुटतात ते यामुळे. वेग पक्का ठेवणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा किंवा एडिटआधी फुटेज एकाच वेगात रूपांतरित करून घ्या.

स्लो मोशनमध्ये गाताना ओठ कसे जुळतात, याबद्दल तर चमत्कारिक कल्पना असतात. सेकंदाला ५० फ्रेमने शूट करायचं आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. मग २५ फ्रेमवर दाखवताना चाल संथ दिसते आणि ओठ मूळ गाण्यावर बसतात. दुप्पट वेगात मराठी जोडाक्षरं म्हणायची म्हणजे जिभेचा व्यायामच, तेव्हा सराव आधी. कोल्डप्लेच्या ‘द सायंटिस्ट’ या २००२च्या गाण्यात सगळी दृश्यं उलटी धावतात, पण गायकाचे ओठ मात्र जुळतात. ख्रिस मार्टिनने त्यासाठी अख्खं गाणं उलटं म्हणायला पाठ केलं होतं.

“चांगला कॅमेरा असता तर...”

बॉब डिलनची १९६५ मधली प्रसिद्ध चित्रफीत लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागच्या गल्लीत झाली. एक शॉट, आणि डिलनच्या हातात शब्द लिहिलेले पुठ्ठे. ओके गो या बँडने २००६ मध्ये आठ ट्रेडमिलवर, एकाच शॉटमध्ये, न हलणाऱ्या कॅमेऱ्यासमोर नाच केला आणि ग्रॅमी मिळवलं. दोन्हीकडे कल्पना आधीच पक्की होती. ओके गोकडे तालीमही होती.

फोनच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन बहुधा ३० फ्रेमवर चालतो आणि शटर १/६०च्या आसपास धरतो. मग वर्गात किंवा हॉलमध्ये काढलेल्या शॉटवर पट्टे सरकतात आणि ते नंतर काढणं जिकिरीचं असतं. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की प्रश्न मिटतो. लेन्स रुमालाने पुसा. उन्हात चेहऱ्यावर सावल्या पडत असतील, तर पन्नास रुपयांचा थर्माकोल बाउन्स म्हणून धरा. मोठ्या सेटवरही थर्माकोलच असतो.

“मोबाइलवर तर करतोय, परवानगी कशाला?”

परवानगी चित्रीकरणाला लागते, कॅमेरा केवढा आहे यावर ती ठरत नाही. शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षणाखालचं स्मारक आहे. तिथे स्वतःसाठी फोनवर चार क्लिप काढणं वेगळं आणि वेशभूषा, ट्रायपॉड, स्पीकर घेऊन उतरणं वेगळं. त्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते. राज्यातल्या अनेक सरकारी जागांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीची एक खिडकी योजना आहे आणि गोव्यात हे काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा पाहते. रेल्वे रुळांचा मोह सोडा. विनापरवाना रुळांवर जाणं हा रेल्वे कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी भीती गाडीची.

ड्रोनबद्दलही अर्धवट माहिती फिरते. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. पण रेड झोन त्यालाही रेडच. उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा उघडा. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या पुणेकरांनी तर आधी तोच पाहावा. रात्री शूट असेल तर दहानंतर सार्वजनिक जागेत लाउडस्पीकर चालत नाही, म्हणजे प्लेबॅकही नाही.

सोसायटीची गच्ची, चहाची टपरी, कॉलेजचा जिना, या जागा सोप्या. पण तिथेही तारीख-वेळ लिहिलेलं, सहीचं पत्र खिशात असू द्या. सेक्रेटरी काकांनी तोंडी दिलेला होकार वॉचमनला माहीत नसतो. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही.

“एका दिवसात उरकू”

हिशेब करा. साडेतीन मिनिटांचा एक टेक तयारीसकट दहा मिनिटं खातो. तीन अँगल, प्रत्येकी तीन टेक, म्हणजे फक्त गाण्याच्या भागाला दीड तास, तोही एका जागेवर. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यात जेवण, प्रवास आणि वाट पाहणं धरा. म्हणून कॉल शीटमध्ये पहिल्या ओळीला गाणं अखंड घ्या. पुढे काहीही बिघडलं तरी एडिटरच्या हातात एक पूर्ण व्हिडिओ असेल. रेकीला ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा. सकाळी शांत असलेला चौक संध्याकाळी तसा नसतो आणि प्रकाशही नसतो.

राहिला साठा. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की ३० फ्रेमचा फोर-के व्हिडिओ मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतो. तीन तासांचं फुटेज म्हणजे ३० जीबीच्या वर. इतकी जागा बहुतेकांच्या फोनमध्ये नसते, त्यामुळे दुपारी जेवणाच्या वेळी कुणीतरी फुटेज रिकामं करायला बसतं आणि कॉपी झाली की नाही हे न पाहता फाइल उडवतं. हे काम एकाच माणसाला द्या, शक्यतो कॅमेरा न धरणाऱ्याला. पॅकअप म्हणण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर दोन कॉपी करा, दोन्हीतली एक-एक क्लिप चालवून बघा आणि मगच फोनमधलं काही पुसा.