संगणकाच्या अंतरंगात – लेखांक ७ : संवादचौकटीचा मसुदा

मेनूची कलमे रिसोर्स स्क्रिप्टमध्ये कशी नोंदवितात याचे विवेचन मागील लेखांकात झाले. आज त्याच स्क्रिप्टमधील अधिक विचारपूर्वक लिहिण्याच्या प्रकरणाकडे वळावयाचे आहे. ते प्रकरण म्हणजे संवादचौकटीची, अर्थात डायलॉग बॉक्सची, व्याख्या. उदाहरणादाखल एखाद्या ग्रंथालयाच्या सभासद-नोंदणीची चौकट डोळ्यांसमोर आणावी : नाव व पत्ता लिहिण्याचे दोन रकाने, वर्गणी जमा झाल्याची खूण करण्याचा लहानसा चौकोन आणि तळाशी ‘ठीक’ व ‘रद्द’ ही दोन बटणे.

एवढी चौकट सी भाषेतील प्रोग्राममध्ये प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र हुकूम लिहून उभी करता येते, यात शंका नाही. परंतु २० नोव्हेंबर १९८५ रोजी विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आली तेव्हापासूनच तिच्या रचनाकारांनी चौकटीचे वर्णन प्रोग्रामच्या हुकुमांपासून वेगळे काढून एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवण्याची तजवीज केलेली होती. त्यापूर्वी, १९८४ मध्ये बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकासाठी ब्रूस हॉर्न यांनी लिहिलेल्या रिसोर्स मॅनेजरमागे हाच विचार होता. त्या काळी या विभागणीला काटकसरीचेही सबळ कारण होते. कारण ज्या विंडोजला अवघ्या २५६ किलोबाइट स्मृतीत भागवावे लागे, तिला एखाद्या चौकटीचे वर्णन गरज पडेल तेव्हाच डिस्कवरून वाचून, काम संपताच स्मृतीतून काढून टाकण्याची मुभा असणे ही मोठीच सोय होती. स्मृतीची ती टंचाई कधीच सरली. विभागणी मात्र टिकली, आणि ती टिकली हे माझ्या मते फार चांगले झाले.

खरेदीखतात जशी प्रथम जमिनीची चतुःसीमा नमूद करतात आणि मग आतील विहीर, झाडे, वाट यांचा तपशील देतात, तसाच या मसुद्याचा क्रम असतो. पहिल्या ओळीत चौकटीचे ओळखनाम, त्यापुढे ‘डायलॉगएक्स’ हा शब्द आणि त्यानंतर चार संख्या येतात : डावीकडील अंतर, वरील अंतर, रुंदी आणि उंची. पुढे ‘स्टाइल’च्या ओळीत चौकटीला शीर्षपट्टी असावी की नाही, कडा कशी असावी, हे ठरते, ‘कॅप्शन’मध्ये शीर्षक आणि ‘फॉन्ट’मध्ये टंकाचे नाव व आकार येतो, आणि अखेरीस ‘बिगिन’ व ‘एंड’ यांच्या दरम्यान एकेका घटकाची एकेक ओळ.

या संख्या पडद्यावरील बिंदूंच्या नव्हेत, ही गोष्ट नवशिक्याने प्रथम ध्यानात घ्यावी. आडवे एकक म्हणजे निवडलेल्या टंकातील अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग, आणि उभे एकक म्हणजे त्याच टंकाच्या उंचीचा आठवा भाग. पूर्वापार प्रचारातील ८ आकाराच्या टंकात, पडद्याची घनता ९६ असता, अक्षराची सरासरी रुंदी ६ बिंदू व उंची १३ बिंदू भरते. म्हणून ५० रुंद व १४ उंच असे नोंदविलेले बटण पडद्यावर ७५ बाय २३ बिंदूंचे उमटते. टंक मोठा केला की चौकट आपोआप त्याच प्रमाणात वाढते. तथापि ती सरासरी रुंदी लॅटिन लिपीच्या ५२ लहानमोठ्या अक्षरांवरून काढली जाते, आणि मराठी मजकूर लिहिणाऱ्याची अडचण येथेच सुरू होते. विंडोज २००० पासून देवनागरीसाठी आलेल्या मंगल टंकाची ओळ, वरच्या वेलांट्या-मात्रा व खालचे उकार यांना जागा द्यावयाची असल्याने, लॅटिन टंकाच्या ओळीहून उंच असते. त्यामुळे ‘फॉन्ट’च्या ओळीत लॅटिन टंकाचे नाव आणि लेबलाला नेहमीची ८ एककांची उंची, असा मसुदा जसाच्या तसा ठेवला, तर मराठी अक्षरांचे उकार तळाशी छाटले जाण्याचा संभव राहतो. मराठी चौकटीसाठी उंची प्रथमपासूनच सढळ हाताने द्यावी.

यानंतरचा मुद्दा सर्वांत उपेक्षित आहे. घटकांच्या ओळी ज्या क्रमाने लिहिल्या असतील, त्याच क्रमाने टॅब कळ दाबणाऱ्याचे लक्ष्य एका घटकावरून दुसऱ्यावर सरकते. पडद्यावर कोण कोणाच्या वर आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. ‘नाव’ हे लेबल नावाच्या रकान्याच्या लगेच आधीच्या ओळीत असावे, कारण लेबलावर लक्ष्य स्थिर होत नाही, आणि त्यातील अक्षराच्या आधी ‘अँड’ची खूण घालून नेमलेली आल्ट-कळ दाबली असता लक्ष्य पुढच्या रकान्यात जाते. शिवाय जो दृष्टिहीन वाचक पडदावाचक प्रोग्रामच्या साहाय्याने ही चौकट भरतो, त्याला रकान्याचे नाव सामान्यतः या आधीच्या लेबलावरूनच ऐकू येते. मांडणी करणाऱ्याने सर्व लेबले प्रथम आणि सर्व रकाने नंतर अशी ओळींची रचना केली, तर डोळस माणसाला चौकट निर्दोष दिसेल, आणि अंध सभासदाला मात्र नावाच्या रकान्यात पत्ता लिहिण्याची पाळी येईल. ओळींचा क्रम लावणे हे कारकुनी काम समजून जे ते उरकून टाकतात, त्यांनी एकदा माऊस बाजूला ठेवून स्वतःची चौकट भरून पाहावी.

ओळखक्रमांकांविषयी थोडक्यात एवढेच सांगावयाचे की, ‘ठीक’साठी १ आणि ‘रद्द’साठी २ हे क्रमांक रूढ आहेत, आणि एस्केप कळ दाबताच प्रोग्रामला २ हाच क्रमांक कळविला जातो.

या विभागणीचे खरे मोल भाषांतराच्या वेळी प्रत्ययास येते. एकाच ओळखनामाच्या दोन चौकटी, एक इंग्रजीत व एक मराठीत, स्क्रिप्टमध्ये नोंदविता येतात. प्रत्येकीच्या आधी ‘लँग्वेज’ हे विधान लिहिले की वापरणाऱ्याची भाषा पाहून विंडोज त्यांतील योग्य ती निवडते. भारतातील मराठीसाठी विंडोजच्या दफ्तरी १,१०२ हा क्रमांक नोंदलेला आहे. अनुवादकाला सी भाषेची एकही ओळ उघडावी लागत नाही. रुंदी, उंची, शीर्षक, टंक हे सर्व त्याने आपल्या लिपीच्या गरजेबरहुकूम बदलावे, फक्त घटकांच्या ओळखक्रमांकांना हात लावू नये. मात्र मजकूर आपल्या जागेत मावतो की नाही याची शहानिशा रिसोर्स कंपायलर करीत नाही. ‘रद्द करा’तील शेवटचा काना कडेबाहेर गेला तरी तो विनातक्रार फाइल तयार करून देतो, म्हणून प्रत्येक चौकट उघडून पाहिल्यावाचून अनुवाद पुरा झाला असे मानू नये.

‘नाव लिहिलेले नाही’ अशासारख्या सूचना मात्र कोणत्याच चौकटीच्या मसुद्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी त्याच स्क्रिप्टमध्ये वाक्यांचा स्वतंत्र तक्ता ठेवतात. तो पुढील आठवड्यात पाहू.