गार फरशी, उबदार गवत

पलंग नाही, खुर्च्या नाहीत, खोली जवळजवळ रिकामी, आणि तरीही लोक तिथे हौसेने राहायला जातात. सांगा पाहू, अशी जागा कोणती? जपानमधलं र्‍योकान, म्हणजे तिथलं जुन्या पद्धतीचं अतिथीगृह!

संत तुकाराम नगरच्या मुलांना जपान काही अगदीच परका नाही. चाकणला ब्रिजस्टोनसारखे जपानी कारखाने आहेत. कुणाचे बाबा, कुणाची आत्या कंपनीच्या कामाने तिकडे जाऊन आलेली असते. त्यांना भेटलात की पहिला प्रश्न हाच विचारा: "झोपलात कशावर?"

र्‍योकानच्या दारातच बूट काढायचे आणि सपाता घालायच्या. खोलीच्या उंबऱ्याशी त्या सपाताही काढायच्या, कारण आत जमिनीवर तातामी असते. ही जाडजूड चटई साधारण ९० सेंटिमीटर रुंद, १८० सेंटिमीटर लांब आणि पाचेक सेंटिमीटर जाड. पोटात घट्ट दाबलेला भाताचा पेंढा (हल्ली दुसरंही काही भरतात) आणि वरून इगुसा नावाच्या गवताची बारीक वीण. नवी असताना ती हिरवट असते, मग हळूहळू पिवळी पडते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते या इगुसाचं. ते चिखलपाण्यात वाढतं. कुमामोतो भागात त्याची शेतंच्या शेतं आहेत. पण चिखलात हवा फार कमी, मग मुळांनी श्वास कसा घ्यायचा? इगुसाची काडी आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर आत पांढरा, भुसभुशीत गर दिसतो. त्यातल्या पेशी चक्क चांदण्यांच्या आकाराच्या! टोकं एकमेकींना टेकलेली आणि मधे मोकळी हवा. या पोकळ्यांमधूनच वरची हवा खाली मुळांकडे जाते. गवत कापलं, वाळवलं, विणलं, तरी पुष्कळशा पोकळ्या तशाच राहतात. म्हणून तातामी पायाला मऊ आणि उबदार लागते.

उबदार म्हणजे तापलेली का? मुळीच नाही! थंडीतल्या सकाळी अनवाणी उभे राहा, एक पाय फरशीवर आणि दुसरा चटईवर. फरशी गारेगार, हो ना? आता खोलीचं तापमान मोजायचा तापमापक थोडा वेळ फरशीवर आणि मग तेवढाच वेळ चटईवर ठेवा. आकडा जवळजवळ तोच! फरशी तुमच्या पायातली उष्णता भराभर ओढून घेते. चटईत अडकलेली हवा ती सहजासहजी जाऊ देत नाही. गार लागणं आणि गार असणं यात केवढा फरक आहे बघा. पुढच्या वेळी संत तुकाराम नगरहून मेट्रोत चढलात की स्टीलचा दांडा धरा. तो हाताला गार लागतो, तोही याच कारणाने.

संध्याकाळी र्‍योकानमधले पाहुणे आधी साबणाने अंग स्वच्छ धुतात आणि मगच गरम पाण्याच्या कुंडात उतरतात. यामानाशी भागातलं केइउनकान हे र्‍योकान तर इ.स. ७०५ मध्ये सुरू झालेलं. जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. पण कुंडातलं पाणी गरम कशाने होतं? जपानमध्ये अनेक ठिकाणी ज्वालामुखींजवळचे तापलेले खडक ते गरम करतात. मग आपल्या वज्रेश्वरीच्या गरम कुंडांजवळ कुठे आहे जिवंत ज्वालामुखी? तिथे पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल उतरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढत जातं. खोलवर तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं, आणि झालं गरम पाण्याचं कुंड तयार!

न्हाऊन, जेवून परत येईपर्यंत खोलीत गाद्या अंथरलेल्या असतात. त्या भिंतीतल्या कपाटातून काढतात आणि सकाळी पुन्हा तिथेच ठेवतात. झोपण्याआधी तातामींच्या कडा मात्र नीट बघून घ्या. चार तातामींचे कोपरे सहसा एका बिंदूत येऊ देत नाहीत, कारण तशी मांडणी जपानी लोक अशुभ मानत आले आहेत.

तुम्हीही मांडून पाहा. जाड कागदाचे ४ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असे सहा तुकडे कापा. त्यांनी ८ बाय ६ सेंटिमीटरची खोली पूर्ण भरायची. अट एकच: चार कोपरे कुठेही एकत्र यायचे नाहीत. अडलात तर लांब भिंतीला लागून, अगदी मधोमध, दोन तुकडे एकाखाली एक आडवे ठेवून सुरुवात करा.